मोरीत झटकलेलं फडकं

आक्कांच्या विहिरीला चार वाजता जाग यायची. दिवसभर ती गप असायची, वर लोखंडी जाळी, जाळीवर कडुलिंबाचा पाला, आणि चार वाजले की कप्पी किर्र करून ओरडायची आणि मला आमच्या खोलीत बसल्या जागी कळायचं, आक्कांनी दोर सोडला. आमची खोली त्यांच्याच परड्यात हुती. शाहूपुरीत रस्त्याला लागून त्यांच्या मुलाचं गुळाचं दुकान, दुकानामागं त्यांचं घर, घरामागं परडं, परड्यात विहीर, धुणं धुवायचा दगड, आणि शेवटाला आमच्या दोन खोल्या. सगळ्या परड्याला गुळाचा वास यायचा, वाळत घातलेल्या दुपट्यांना पण, आणि माझ्या सुजीचं डोकं हुंगलं तरी गुळाचाच. अजून पण गुळाची ढेप फोडली की मला पहिल्यांदा माझी लेक आठवती, मग बाकीचं.

ह्या खोल्या आक्कांच्या मालकांनी मामांना दिलत्या. मामा म्हणजे माझे सासरे. शाळेत शिपाई हुते, आणि आक्कांच्या मुलाला रोज शाळेतनं हाताला धरून घरी आणून सोडायचे, किती वर्षं. त्या मायेनं खोल्या दिल्या, नळ दिला, संडासाची वेगळी किल्ली दिली. विहिरीचं कोण बोललं न्हाय. मामांनी पण विचारलं न्हाय. बारा वर्षं त्या विहिरीपासनं वीस पावलांवर राहून मामांनी तिच्यात वाकून सुद्धा बघितलं न्हवतं. मी लग्न होऊन आले तवा मला पण कोण काय बोललं न्हाय, पण मला कळलं. असलं कोण सांगायला लागत न्हाय, येणाऱ्या सुनेला ते भिंतीवरनं पण कळतं.

मी नववीतनं उठलेली, बिद्रीकडची, साखर कारखान्याची मळी जिथं वास मारती त्या बाजूची. अठराव्या वर्षी सुजी झाली. सुजाता नाव मामांनी ठेवलं. घरात सासू न्हाय, मालक फौंड्रीत, पाळीप्रमाणं कधी झोपलेले कधी गेलेले. मी आणि पोरगी. मला सगळ्याची भीती वाटायची. पोरगी झोपली तरी नाकाखाली बोट धरून बघायची, रडली तरी भीती, न्हाय रडली तर जास्त. मला वाटायचं आई होणं म्हंजे भ्यायलाच शिकणं, आणि मी ते चांगलं शिकले.

आक्कांच्याकडं मी धुणं-भांडं करायची. आक्का मूळच्या कुरुंदवाडच्या, जैन, साठीच्या, अंगानं काटकी, आणि बोलताना मधेच कानडी. मला "यव्वा" म्हणायच्या. त्यांचं व्रत हुतं, म्हंजे नेम. पाणी प्यायचं ते विहिरीचंच, नळाचं न्हाय, आणि सूर्य बुडायच्या आधी जेवून मोकळं व्हायचं. त्या सांजच्या जेवणाला ते अंथऊ म्हणायचे. भात, ताक, दोडक्याची भाजी, त्यात कांदा न्हाय लसूण न्हाय, तरी परड्यात असा वास सुटायचा की माझी खर्डा-भाकरी मला कोरडी लागायची.

त्या वर्षी असं झालं की घरची सगळी यात्रेला गेलती पंधरा दिवसांसाठी, आणि दुसऱ्याच दिवशी आक्का शेवाळावरनं घसरल्या. उजवा हात मनगटात मोडला. प्लास्टर. आता पाणी कोण काढणार? आक्का दिवसभर उपाशी बसल्या, थेंब न्हाय. मी भांडी घासत हुते, त्या पायरीवर बसलेल्या. चार वाजले. कप्पी ओरडली न्हाय. मी घासणी खाली ठेवली.

"आक्का, किती वेळ बसणार असं?"

"बघायचं. कोणतरी येईल आमच्यातलं."

"आणि न्हाय आलं तर?"

त्यांनी मला डोक्यापासनं पायापर्यंत बघितलं. मग म्हणाल्या, "आंघोळ करून ये. धुतलेलं लुगडं नेस."

बास, एवढंच. मी पळत गेले, आंघोळ केली, लग्नातली हिरवी नेसले, तीच धुतलेली हुती. सुजीला झोळीत टाकलं आणि त्यांच्या विहिरीवर चढले. दोर दोन्ही हातानं घट्ट धरला.

आक्कांनी मला शिकवलं ते मी आज पण डोळं मिटून करीन. घागर वर काढायची. पितळेच्या पातेल्यावर जाड फडकं दुहेरी करून घालायचं आणि पाणी हळू ओतायचं. फडक्यावर काय दिसायचं न्हाय, कधी एखादा कचरा, कधी ते पण न्हाय. पण आक्का म्हणायच्या, हाईत. डोळ्याला दिसत न्हाईत एवढे जीव हाईत. मग ते फडकं उलटं करायचं आणि गाळलेल्याच पाण्यानं खळबळून एका लहान बादलीत घ्यायचं. त्या पाण्याला जिवाणी म्हणायचं. ती बादली वेगळीच. तिच्या बुडाला पण कडी, त्या कडीला दुसरी दोरी. बादली विहिरीत पार पाण्याला टेकेस्तवर सोडायची आणि मग खालची दोरी ओढायची, म्हंजे ती तिथंच अलगद उपडी होती.

"वरनं ओतलं तर काय होतं, आक्का?"

"पडून मरतात की, यव्वा. तुला गच्चीवरनं टाकली तर?"

मला हसू आलं. पण मग मी त्या फडक्याकडं नीट बघितलं. मला असलं बघायची सवय न्हवती. आमच्या घरात मामा रोज सांजला बुद्धाच्या मूर्तीपुढं बसवून वंदना म्हणवून घ्यायचे. त्यातलं पहिलं वाक्यच हाय की मी कुठल्या जीवाला मारणार न्हाय. मी ते लग्नापासनं रोज म्हणत आलते, पण त्यात जीव म्हंजे कोण ते कधी डोक्यात आलंच न्हवतं. कोंबडी असंल, माणूस असंल. इथं एक बाई मोडका हात घेऊन न दिसणाऱ्याला घरी पोचवायला लावत हुती. मला नवल वाटलं. आणि अजून एक नवल की ही बाई असल्या जीवाला एवढी जपती, आणि बारा वर्षं मामांना ह्या कट्ट्यावर कोण बोलवलं न्हाय. दोन्ही खरंच हुतं. एकाच बाईत.

पाच-सहा दिवस नीट गेले. मग तो दिवस. मी पाणी गाळलं, आक्का आत भात वाढून घेत हुत्या, आणि झोळीतनं सुजी असली रडाय लागली की मला ऐकवेना. बादली हाताशी, दोरी हाताशी, दोन मिनिटांचं काम. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि फडकं मोरीत झटकलं. मोरीत. दगडाखालच्या साबणाच्या पाण्यात. आणि पळाले.

पोरगी तापलेली. अंग चुलीसारखं. उन्हं भिंतीवरनं उतरत हुती तवाच तिचे डोळे वर गेले, हात-पाय ताठ, ओठ निळे, आणि ती थडथडाय लागली. मी किंचाळले. काय किंचाळले मला म्हाईत न्हाय. मामांनी तिला माझ्या हातातनं हिसकून घेतलं आणि अनवाणी पळाले, मी मागनं, कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडं. डॉक्टरनी काय काय केलं, सुजी ढिली पडली, रडली. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, बाई, लहान पोरांना तापात असा झटका येतो, घसा सुजलाय, मोठी झाली की जातं, भ्यायचं काय कारण न्हाय.

पण माझं डोकं. झटका का? ताप आला म्हणून. ताप का? घसा सुजला म्हणून. घसा का सुजला? तिथं डॉक्टर संपत हुते आणि मोरी सुरू होत हुती. मी विहिरीचे हजार जीव साबणात मारले आणि विहिरीनं माझा एक धरला. मला एवढं सरळ दिसत हुतं की मला नवल वाटायचं, बाकीच्यांना कसं दिसत न्हाय.

दुसऱ्या दिवशीपासनं माझं दूध कमी झालं. पोटात अन्न ठरेना, पोरगी ओढायची, चिडायची, रडायची.  आक्कांना वाटलं पोरगी आजारी म्हणून मी अशी झालीय. त्या म्हणायच्या, नको येऊ पाण्याला, मी बघते. पण मी जायची. जिवाणी असली हळू सोडायची की बादली पाण्याला टेकली तरी आवाज यायचा न्हाय. झालेलं परत थोडंच येतंय, पण करायची.

सांजला वंदनेला बसले की पहिल्याच वाक्याला माझी जीभ अडकायची. मामांनी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मंगल, काय झालंय?"

"काय न्हाय, मामा."

"काय न्हाय असलं की माणूस पहिल्या ओळीला अडकत न्हाय."

मी सांगू कशी? मामांना सांगायचं म्हंजे पहिल्यांदा हे सांगावं लागणार की मी विहिरीवर गेलते. आणि मग हे की मला पापाची भीती वाटाय लागलीय. मामांनी तर घरातनं पाप-बीप सगळं झाडून काढलेलं. गंडा न्हाय, उतारा न्हाय, लिंबू-मिरची न्हाय. ते म्हणायचे, भीती आली की तिच्याकडं बघायचं, ती कुठनं आली ते बघायचं. मी बघायची. ती मोरीतनं यायची.

शेवटी मी हसीनाभाभीला सांगितलं. परड्याच्या पलीकडल्या चाळीत ती ब्लाउज शिवायची, तोंडात टाचण्या धरून बोलायची. तिनं सगळं ऐकलं आणि टाचण्या काढून पहिल्यांदा पोरीची नजर उतरवली, हात तिच्या डोक्यावरनं फिरवून. मग म्हणाली, "बघ मंगल, आमच्यात तौबा हाय. मनापासनं केली की वरचा माफ करतो. पण त्याच्यात एक भानगड हाय."

"काय?"

"माणसाचं काय बिघडवलं असशील तर वरचा मधे पडत न्हाय. पहिलं त्या माणसाला विचार म्हणतो. मग माझ्याकडं ये. तू आक्काचं सांडलंस ना? मग मला काय सांगत बसलीस, येडी. तिला सांग."

"हाकलून देतील मला."

"देऊ दे की. दूध तरी येईल."

घरी येताना मी विचार करत हुते, किती नवल हाय. ह्यांच्या देवाला रांग लागती, आणि तो स्वतः मागं उभा राहून पहिला नंबर माणसाला देतो. भीतीत पण मला ते आवडलं. मला तेव्हापासनं ही खोडच लागली, कोण कशाला भितं आणि भ्यायल्यावर काय करतं ते विचारायची. बाया असलं पटकन सांगतात. दागिने कुठं ठेवलेत ते सांगणार न्हाईत, पण हे सांगतात.

त्याच दिवशी चार वाजता मी विहिरीवर गेले, पण दोर धरला न्हाय. आक्का म्हणाल्या, काय गं? आणि मी सगळं बोलून टाकलं, एका दमात, झोळी, रडणं, मोरी, झटका, निळे ओठ, दूध. बोलताना मी त्यांच्या तोंडाकडं बघितलंच न्हाय, प्लास्टरकडं बघत हुते.

आक्कांनी विचारलं, "किती वेळा?"

"एकदाच."

"खरं?"

"लेकीची शप्पत."

"शप्पत घालू नकोस पोरीची, कशालाच." त्या खाली कट्ट्यावर बसल्या. तोंड पांढरं पडलेलं. मला वाटलं आता म्हणतील, म्हणूनच तुमच्यातल्यांना, आणि पुढचं मला ऐकायचं न्हवतं. पण त्या म्हणाल्या, "चूक माझी हाय. मी करवून घेतलं. करणारा आणि करवून घेणारा, आमच्यात दोघांना सारखंच लागतं. आठ दिवस गूळ सोडला मी."

गुळाच्या घरात, गुळाच्या वासात, आठ दिवस गूळ न्हाय. मला रडूच आलं. "मग मी काय सोडू, आक्का? सांगा, काय पण सोडते. माझ्या पोरीला का झालं पण? मला व्हायचं, तिला का?"

तवा आक्कांनी मान वर केली. त्यांना खरंच कळलं न्हवतं. "पोरीचा काय संबंध?"

"मी मारले, म्हणून तिला..."

"कोण सांगितलं तुला?"

"असंच असतंय की."

"न्हाय गं यव्वा. आमच्यात न्हाय तसं. ज्याचं कर्म त्यालाच. आईचं लेकीला जात न्हाय, लेकीचं आईला येत न्हाय. कोण बसलेलं न्हाय वर, हिचं काढून तिला लावायला. तुझी चूक तुझ्याजवळ, माझी माझ्याजवळ. पोरीला ताप आला तो तापानं आला." मग, "असलं कोण शिकवलं तुला, आईचं पोरावर घेणारं?"

 कोण शिकवलं? आणि मला एकदम आज्जीचा आवाज ऐकू आला. आमच्या गावची आज्जी, माझ्या आईची आई. तिनं धम्म घेतला, घरातले सगळे देव टोपलीत घालून नदीला नेऊन सोडले, परत कधी हात जोडले न्हाईत. पण तांदूळ निवडताना सांगायची. अमकीनं देवीचं बोललेलं फेडलं न्हाय आणि तिचं पोर गेलं. तमकी विटाळाची देवळावरनं गेली, तिचं पोर आंधळं झालं. आईचं चुकलं की देवी पोर उचलती. देवी नदीत गेली आणि गोष्ट घरात राहिली. आणि ती गोष्ट मी बिद्रीहून शाहूपुरीत आणलती, म्हाईत न होता, आणि आणून आक्कांच्या विहिरीत बसवलती. आक्कांच्या धर्मात बिचाऱ्या त्या विहिरीत मारणारं कोण न्हवतंच. मामांच्यात पण न्हवतं. ती मारणारी बाई माझीच हुती. मीच तिला जागा दिलती, त्या पाण्यात बाकी कोण रिकामं बसलेलं न्हवतं म्हणून.

मला हसू आलं. मी कट्ट्यावरच बसले, आक्कांच्या शेजारी.

"आता काय सोडू मग?"

"पोरीला पाज जाऊन," आक्का म्हणाल्या. आणि मी उठल्यावर मागनं, हळू, "सुनेला माझ्या काय सांगू नकोस. ती भलतंच बोलती."

दूध त्याच दिवशी आलं असं मी सांगणार न्हाय. दोन-तीन दिवस गेले. पण त्या सांजला मी वंदनेत अडकले न्हाय, आणि मामांना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं पापाच्या भीतीवरनं बोलतील. त्यांनी ते ऐकलंच न्हाय जणू. एकच विचारलं.

"त्यांनी तुला विहिरीवर घेतलं?"

"व्हय."

"दोराला हात लावला तू?"

"व्हय, मामा."

 दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला मामा इस्त्रीचा सदरा घालून, हातात तेलाची बुदली घेऊन विहिरीजवळ उभे. आक्का म्हणाल्या, काय मामा? ते म्हणाले, "कप्पीला तेल पायजे. बारा वर्षं ऐकतोय." आणि चढले. तेल घातलं, दोर ओढून बघितला, वाकून खाली बघितलं. लई वेळ बघितलं. उतरले तवा हात तेलकट हुते. आक्कांनी डाव्या हातानं गाळलेल्या पाण्याचा तांब्या उचलला, मामांच्या ओंजळीत ओतायला म्हणून वाकवला. मामांनी हात मागं घेतले.

"ओतू नका, आक्का. ठेवा तिथं. मी घेतो."

आक्कांनी तांब्या सरळ केला, मग कट्ट्यावर ठेवला. मामांनी सदऱ्याला हात पुसले, इस्त्रीच्या, आणि तांब्या उचलला, वरनं न्हाय, ओठाला लावून, सगळा प्याले. मी दारात सुजीला कडेवर घेऊन बघत हुते, की आक्का तो तांब्या घासतात का. घासला. पण त्या कोणाचाही घासायच्या, स्वतःचा पण. म्हंजे ते शिवाशिवीचं हुतं की रोजच्या सवयीचं, हे मला अजून ठरवता आलेलं न्हाय. मला आक्कांना विचारायचं हुतं. राहून गेलं.

विहीर आता बुजवली. वर गाड्या लावतात. आक्का न्हाईत, मामा न्हाईत, हसीनाभाभीच्या डोळ्याला आता सुई दिसत न्हाय, पण टाचण्या तोंडात धरायची सवय तशीच, रिकाम्या ओठांची हालचाल करत बोलती. गेल्या महिन्यात तिच्याचकडं बसलते तर पुण्यातनं सुजीचा फोन. सुजी कंपनीत असती, शिकलेली, माझ्यासारखी नववी न्हाय. तिच्या बाळाला ताप. डॉक्टरला दाखवलंय म्हणाली, औषध चालू हाय, सगळं ठीक हाय. आणि मग आवाज बारीक झाला. "आई, माझ्यामुळंच झालं गं. माझंच काहीतरी चुकलं."

हसीनाभाभी म्हणाली, काय म्हणती? मी हात केला, थांब. माझ्या तोंडावर आलतं की काय येड्यासारखं बोलतीस, असलं काय नसतं. पण मी गिळलं. तिनं आमच्या आज्जीला कधी बघितलं पण न्हाय, मी तिला तांदूळ निवडताना एक गोष्ट सांगितली न्हाय, आणि तरी ती पोर उचलणारी बाई पुण्यापर्यंत पोचलीच की. कुठल्या पाण्यात बसलीय ते बघायला पायजे.

"रडू नको," मी म्हणलं. "मला घाई न्हाय. आधी सांग, काय सांडलंस?"

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला. मग ती सांगाय लागली.